आज किती आले?

एरवी या सदरात मला दीड कॉलमाची जागा मिळते. दिवाळी अंकाच्या वेळी संपादकमहाशय हात जरा सैल सोडतात, नि घरोघर फराळाचे डबे उघडलेले असल्यामुळे वाचकांचं मनही थोडं उदार झालेलं असतं. या दोन्हींचा फायदा घेऊन यंदा मी घरातलीच एक गोष्ट सांगणार आहे. साहित्याशी तिचा संबंध बेताचाच आहे. मेतकुटाशी मात्र आहे.

आमचा दादा डोंबिवलीला असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्यानं सव्वीस वर्षं नोकरी केली. तीन वर्षांपूर्वी कारखान्याला टाळं लागलं नि चोपन्नाव्या वर्षी दादा घरी बसला. सहा महिन्यांच्या आत त्याच्या छातीत कळ आली. हातात आलेल्या पैशांतला मोठा वाटा इस्पितळात गेला. उरलेल्यांत थोडं कर्ज घालून वहिनींनी एक दळायचं यंत्र नि पाकिटं बंद करायचं यंत्र घेतलं, आणि इतकी वर्षं जे मेतकूट, भाजणी नि चटण्या शेजारीपाजारी फुकट वाटल्या, त्या विकायला काढल्या. धंद्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर ती जाहिरात होईल, आणि जाहिरात फुकट छापण्याइतके आमचे संपादक भोळे नाहीत.

दादाचे चिरंजीव संगणकशास्त्राचे पदवीधर. त्यांनी आईला एक झकास वेबसाइट करून दिली. पितळी वाटीत मेतकूट, शेजारी वाफाळलेला मऊ भात, वर तुपाची धार. फोटो पाहूनच भूक लागावी. गेल्या दिवाळीत पाडव्याला आम्ही सगळे जमलो असताना तिचं उद्घाटन झालं. नारळ फोडला नाही, एवढंच.

"काका," चिरंजीव मला म्हणाले, "आता जगातला कुणीही माणूस आपल्याकडून मेतकूट मागवू शकतो!"

जगातल्या माणसांनी ही सोय फारशी मनावर घेतली नाही.

वेबसाइटवर दिवसभरात किती माणसं डोकावून गेली, ते मोजता येतं. रात्रीची जेवणं आटोपली की दादा आरामखुर्चीतून विचारायचा, "आज किती आले?" चिरंजीव फोनमध्ये पाहून सांगायचे, "तीन." कधी चार. एकदा सहा झाले तेव्हा वहिनींनी शिरा केला. एका रविवारी मी तिथेच होतो. "तीन," चिरंजीव म्हणाले. "त्यातला एक मी," दादा म्हणाला. "नि एक मी," स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. तिसरा मी होतो. कॉलेजात मोकळा तास मिळाला की मी ती वेबसाइट उघडून पाहत असे. पण ते सांगायचा मला धीर झाला नाही. दादा हसला खरा. पण दुसऱ्या दिवशी कर्जाचा हप्ता होता, हे मला ठाऊक होतं.

वेबसाइटला मराठीत संकेतस्थळ म्हणतात. हा शब्द ज्यानं कुणी रूढ केला त्याला संस्कृत काव्य आठवत होतं की नाही, कोण जाणे. तिथे संकेतस्थान म्हणजे प्रियकर-प्रेयसीनं भेटायला ठरवलेली जागा. नायिका नटून ठरल्या जागी येते, नायकाचा पत्ता नसतो; अशा नायिकेला शास्त्रकारांनी विप्रलब्धा असं नाव दिलं आहे. वर्गात अष्टनायिका शिकवताना हल्ली मला विप्रलब्धेपाशी आलं की पितळी वाटीतलं मेतकूट दिसतं! पण त्या नायिकेच्या बाबतीत निदान संकेत तरी ठरलेला असे. आमच्याकडे वाटी नटून बसली होती. यायचं आहे हे दुसऱ्या पक्षाला कुणी कळवलंच नव्हतं.

कळवण्याचा पहिला प्रयत्न चिरंजीवांनी इंटरनेटवरच जाहिराती देऊन केला. तिथे शब्दांचा लिलाव चालतो. कुणी 'फराळ' असा शोध घेतला की वर कोणाची जाहिरात दिसायची, हे ठरताना बोली किती लावली ते पाहिलं जातं, नि त्या जाहिरातीवर बोट पडलं की बोट टेकवणाऱ्यानं काही घेवो न घेवो, आपले पैसे कापले जातात. त्या लिलावाला मोठमोठे व्यापारी बसलेले. आमच्या तीन हजार रुपयांनी आठवडाभरही दम धरला नाही.

"अरे, पूर्वी दुकान काढलं की कागद वाटायचे," वहिनी म्हणाल्या. "तसे वाटा ना!"

चिरंजीव हसले. वेबसाइटसाठी कागद वाटायचे म्हणजे विमानाला बैल जुंपण्यासारखंच त्यांना वाटलं असावं. मला मात्र हसू आलं नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते कारखान्याची नि त्याच्या मालाची खबर लोकांपर्यंत पोचवायला. माल लोखंडी नांगर नि चरकांचा, वाहन कागदाचं. नि त्या कागदाचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, ज्यानं आमच्या आजीच्या पिढीला वाचायला शिकवलं. इतकंच कशाला, इंटरनेट नवं होतं त्या १९९०च्या दशकात अमेरिकेत वेबसाइटींच्या पत्त्यांची जाडजूड छापील पुस्तकं विकली जात. इंटरनेटवर कुठे जायचं ते लोक कागदावर शोधत होते. हे मी चिरंजीवांना ऐकवलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे. मजकूर तू लिही."

इथेच घात झाला.

वीस-बावीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाला चार ओळी लिहायला सांगितल्या तर तो चाळीस लिहितो. 'महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीचा सुगंधी वारसा' अशी माझी सुरुवात होती, नि 'गृहिणीच्या वत्सल हातांची ऊब' दुसऱ्या परिच्छेदात होती. मेतकूट हा शब्द पहिल्यांदा सातव्या ओळीत येत होता. धंद्याचं नावही मीच सुचवलेलं. त्यात एक 'ज्ञ' होता. आता 'ज्ञ' हे अक्षर मराठी माणूस रोमन लिपीत डी-एन-वाय-ए असं लिहितो, हिंदी माणूस जी-वाय-ए, नि संस्कृतचे पंडित जे-एन-ए. म्हणजे आमचा पत्ता ऐकलेला माणूस तीन वेगवेगळ्या गावी जाऊन पोचणार! "पत्ता सरळ मराठीतच का नाही?" असं वहिनींनी विचारलं. तशी सोय आहे, देवनागरीत '.भारत' हे पत्त्याचं शेपूट २०१४ सालापासून मिळतं. पण फोनवर मराठी टंकायचं म्हटलं की आपल्याच मंडळींची बोटं अडखळतात, त्यामुळे तो विचार मागे पडला.

दोन हजार पत्रकं छापली. पेपर टाकणाऱ्यांच्या मुकादमाला हजारी ठरवून रविवारच्या अंकांत घालायला दिली. खाली कोपऱ्यात तो काळापांढरा चौकडीचा क्यूआर कोड. शिवाय पाच रिक्षांच्या पाठी, नि दादाच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला एक फ्लेक्स. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरही कागद चिकटवायचा चिरंजीवांचा बेत होता. सार्वजनिक जागा अशा विद्रूप करायला मनाई करणारा कायदा आपल्या राज्यात १९९५ सालापासून आहे, हे सांगून मी तो हाणून पाडला. या सगळ्या प्रकरणात माझा उपयोग झाला तो एवढाच.

चिरंजीवांनी एक युक्ती मात्र नामी केली होती. पत्रकावरचा पत्ता, रिक्षावरचा पत्ता नि फ्लेक्सवरचा पत्ता, प्रत्येकाचं शेपूट त्यांनी वेगळं ठेवलं होतं. सगळ्या वाटा एकाच दाराशी येत; पण कोण कुठल्या वाटेनं आला ते कळत असे. महिन्याभरानं हिशेब लागला. दोन हजार पत्रकांवरून एकवीस माणसं आली. त्यांतली ऑर्डर एक, ती आमच्या आत्येबहिणीची. रिक्षांवरून दोन; त्यांतला एक रिक्षावालाच, कोड चालतो का ते पाहायला आलेला. फ्लेक्सवरून कुणीही नाही. कसं येणार? कोड जितका रुंद, त्याच्या साधारण दहापट अंतरावरून तो वाचता येतो. चार इंचांचा चौकोन असला तर फोन तीन-साडेतीन फुटांवर आणायला हवा. तिसऱ्या मजल्याशी साडेतीन फुटांवर फोन धरायचा म्हणजे माणसानं कावळाच व्हायला हवं. नि रिक्षामागे तेवढ्या अंतरानं धावणारा माणूस मेतकुटासाठी धावत असेल, असं मला वाटत नाही.

ही झाली अंतराची अडचण. पण पत्रक तर लोकांच्या हातात होतं! त्याचं काय झालं, ते मला दादाच्या शेजारी कळलं. तिथले काका बँकेतून निवृत्त झालेले. चहाला बोलावलं म्हणून गेलो, तर 'सुगंधी वारसा' दुधाच्या पातेल्याखाली. माझी नजर गेलेली पाहून काका ओशाळले. म्हणाले, "प्रोफेसर, मजकूर छानच आहे हो. पण हे स्कॅन करायला भीती वाटते. खात्यातले पैसे जातात म्हणे!"

मी आधी मनात हसलो. मग लक्षात आलं की हेच काका खालच्या भाजीवालीच्या गाडीवरचा कोड रोज सकाळी बिनदिक्कत स्कॅन करतात नि कोथिंबिरीचे दहा रुपये देतात. कोड तोच. जपानात १९९४ साली मासाहिरो हारा यांनी मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो तयार केला. गो नावाच्या बैठ्या खेळाचा पट पाहून ही कल्पना सुचली, असं ते सांगतात. म्हणजे त्या चौकडीत भिण्यासारखं काही नाही. पण भाजीवालीला काका पंधरा वर्षं ओळखतात. आमच्या पत्रकाला ते ओळखत नव्हते. बँका रोज बजावतात की अनोळखी कोडला हात लावू नका, नि एक निवृत्त बँकवाला ते ऐकत होता. त्याचं काय चुकलं?

आणखीही एक गोष्ट उघड झाली. जे एकवीस आले ते दहा-वीस सेकंदांत निघून गेले. कारण कोडवरून आत शिरलं की प्रथम 'आमच्याविषयी' हा मजकूर येत असे. चारशे शब्दांचा. लेखक कोण ते सांगायला नको.

त्या रात्री दादानं "आज किती आले?" विचारलं नाही. तो आठवडाभर विचारत नव्हता, असं वहिनींनी मला दारापर्यंत सोडायला येताना सांगितलं. नि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मार्चपर्यंत बघते. नाहीतर यंत्र विकून टाकू. कर्ज तरी फिटेल."

पुढची कल्पना आमच्या सौ.ची. ती ठाण्याहून आठ-सतराच्या लोकलनं मुंबईला जाते. त्यांचा बायकांच्या डब्यातला ग्रुप आहे नि संक्रांतीला त्या गाडीतच हळदीकुंकू करतात. बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही, पण मुलुंड ते दादरच्या दरम्यान तिळगूळ, हळदीकुंकू नि वाण असं सगळं यथासांग पार पडतं. दरवर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या नि कंगवे वाटायचे. "यंदा मेतकूट वाटते," सौ. म्हणाली. वहिनींनी शंभर शंभर ग्रॅमची शंभर पाकिटं भरली. चाळीस गाडीत, साठ डोंबिवलीत स्वतःच्या हळदीकुंकवाला.

लेबलावर काय लिहायचं, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मला लागलं, पण ते योग्यच होतं. वहिनींनी वाण्याच्या यादीच्या पाठीमागे एक ओळ लिहिली: 'मेतकूट संपलं की इथे सांगा.' बस. मी म्हटलं, "'येथे कळवावे' जास्त बरं दिसेल." वहिनींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तिळगुळाच्या ताटाकडे पाहू लागलो. माझा 'ज्ञ'ही गेला. नाव दोन अक्षरांचं ठेवलं, ऐकलं की लिहिता येईल असं. नि त्या ओळीखालचा कोड चिरंजीवांनी थेट मेतकुटाच्या पानाशी जोडला: किती हवं, कुठे पाठवू, नि वहिनींचा फोन नंबर. चारशे शब्द कुठे गेले ते मी विचारलं नाही.

एक बारीक गोष्ट आणखी सांगतो, कारण सगळा चमत्कार मला त्यातच वाटतो. पाकिटं भरायच्या आधी वहिनी आमच्याकडे आल्या होत्या. सौ.नं नमुन्याचं पाकीट फोडलं, मेतकूट बरणीत ओतलं नि पाकीट कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. वहिनी त्या टोपलीकडे बघत राहिल्या. अन्नपदार्थाचा परवान्याचा चौदा आकडी नंबर, वजन, किंमत, पत्ता, सगळं छापील साहित्य टोपलीत! कुठल्याही मराठी घरात मेतकूट पाकिटात राहत नाही, बरणीत राहतं. मग आम्ही कुणाला आठवणार, नि कसे? दुसऱ्याच दिवशी प्रत्येक पाकिटाला दोऱ्यानं एक गोल चिकटपट्टी बांधली गेली: 'बरणीला लावा.' हळदीचे हात लागून ती खराब होणार, ही माझी शंका चिरंजीवांनी निकालात काढली. कोड पुरेसा भक्कम करून छापला तर त्याचा जवळजवळ तीस टक्के भाग बिघडला तरी तो वाचता येतो म्हणे. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका मला याच हिशेबानं वाचाव्या लागतात.

संक्रांत झाली. पहिला आठवडा गेला. आकडा चार. दुसरा गेला. पाच. मी खचलो. दादा फोनकडे बघतही नसे. मी वहिनींना चाचरत विचारलं, तर त्या भाजणी चाळता चाळता म्हणाल्या, "अहो भाऊजी, संपायला नको का?"

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री मला चिरंजीवांचा फोन आला. "काका, एकोणीस!" मागून दादाचा आवाज, "पुन्हा बघ. चुकलं असेल." चुकलं नव्हतं. चौदा जणी वाणाच्या वाटेनं आलेल्या, नि नऊ ऑर्डरी. त्या आठवड्यात लोकांच्या बरण्यांचे तळ दिसू लागले होते. पुढे काय झालं ते फार लांबवत नाही. गुढीपाडव्याला मंडळाच्या बायकांनी हळदीकुंकवाच्या उरलेल्या चिकटपट्ट्या मागून नेल्या. लोकलमधल्या चाळिसांपैकी एकीनं तिच्या कचेरीत डबा उघडला नि आणखी सहा पत्ते लागले. दुधाच्या पातेल्याखाली आम्हांला ठेवणारे काकाही एक दिवस आले. त्यांच्या बरणीला चिकटपट्टी त्यांच्या पत्नीनं लावली होती. त्यांनी ती स्कॅन केली, आमच्या वेबसाइटवर गेले, तिथला फोन नंबर पाहिला नि भिंतीपलीकडे वहिनींना फोन केला! चिरंजीव कपाळाला हात लावतात. त्यांच्या मते निम्मी मंडळी वेबसाइटवर येतात ती फक्त नंबर पाहायला, नि मग फोनवर दहा मिनिटं बोलतात: तिखट कमी कराल का, गहू किती घालता, तुमचं माहेर कुठलं. वहिनींचं नि त्या सगळ्याजणींचं आता चांगलंच मेतकूट जमलं आहे. मार्च आला नि गेला. यंत्र जागेवर आहे. कर्जाचे अकरा हप्ते राहिलेत.

गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. मी डोंबिवलीला होतो. चिरंजीव एकदम ओरडले, "बाबा, न्यू जर्सी!" कुणा मुलीच्या सामानातून तिच्या सासूनं मेतकूट तिकडे पाठवलं होतं. तिथे बरणी, बरणीवर ती गोल चिकटपट्टी. जेवायला आलेल्या मैत्रिणीनं ती पाहिली, नि जेवणाच्या टेबलावरूनच अर्धा किलो मेतकूट नि एक किलो भाजणी मागवली. स्वतःसाठी नाही, आईवडलांसाठी. आईला गुडघ्यांमुळे आता उभं राहून भाजता येत नाही, असं तिनं शेऱ्यात लिहिलं होतं. पत्ता वाचून चिरंजीव थांबले. डोंबिवलीतलाच होता. दादाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

"कुरिअरला उद्या देतो," चिरंजीव म्हणाले.

दादा उठला. त्यानं सदरा बदलला, पाकिटं कापडी पिशवीत घातली, नि वहिनींना म्हणाला, "वर थोडी चटणी घाल. पहिल्यांदाच जातोय." जिन्यावरून उतरताना तो मध्येच थांबला. मला वाटलं दम लागला. मी पुढे झालो, तर तो वर पाहून विचारत होता, "अरे, त्या चिकटपट्ट्या घेतल्या का?"